मंगळवारची नोंद

सोमवारी सकाळी सव्वादहाला हिदेओ इनागाकी साप्ताहिकाच्या ऑफिसचा जिना चढायचे. त्यांची पावलं ऐकू आली की आसावरी किटली लावायची.

लंडनच्या हॅरो भागातलं ते साप्ताहिक म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. स्टेशनजवळ चपलांच्या दुकानावर दोन खोल्या, चार टेबलं; कौन्सिलच्या बातम्या, घरांच्या जाहिराती, शाळांचे स्पोर्ट्‌स डे. इनागाकी त्यात जूडोवर आणि आसपासच्या खेळांवर सदर लिहायचे. हातानं, निळ्या शाईनं, एक ओळ सोडून एक. आसावरी ते टाइप करायची आणि त्यांच्या इंग्रजीतले ‘ए’ आणि ‘द’ जागेवर बसवायची.

“आमच्या भाषेत हे दोन्ही नाहीत,” ते दर वेळी म्हणायचे.

“आमच्याही नाहीत,” ती म्हणायची.

आसावरी जगदाळे पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर आठ वर्षं काढून आली होती. नवरा मिलिंद सॉफ्टवेअरमधला. २००१ मध्ये त्याच्या वर्क परमिटवर दोघं आणि पाच वर्षांची निधी असे हॅरोत उतरले. पहिलं वर्षभर ती घरात बसून होती. मग या ऑफिसात आठवड्याचे तीन दिवस टायपिस्ट म्हणून लागली. इथे तिच्या आठ वर्षांची किंमत शून्य होती. ती जाणली एकट्या इनागाकींनी. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मजकुरातली एक तारीख चुकलीय हे तिनं दाखवलं, तेव्हा ते खुर्चीतून उठून कमरेत वाकले. “तुम्ही टायपिस्ट नाही,” म्हणाले. “तुम्ही पेपरचं माणूस आहात.”

ते स्वतः दोन्ही होते, पेपरचे आणि मॅटचे. १९६३ साली, पंचविशीत, जपानातल्या हिमेजीहून निघाले. बोटीनं रशियाचा किनारा, तिथून आठवडाभर आगगाडी, मग लंडन. खिशात दोन पत्रं होती. एक लंडनच्या जूडो क्लबचं. दुसरं हिमेजीच्या एका सायंदैनिकाच्या संपादकाचं, दर आठवड्याला मजकूर पाठवा असं सांगणारं. तेव्हा इंग्लंडात जपानी शिक्षक बोटांवर मोजण्याइतके. इनागाकी संध्याकाळी तळघरातल्या हॉलमध्ये इंग्रज तरुणांना पडायला शिकवायचे आणि दिवसा त्यांच्याबद्दल लिहायचे. तीस वर्षं त्यांनी हे केलं. मग त्या सायंदैनिकानं परदेशी बातमीदार बंद केले, इंग्रज बायको डोरोथी वारली, आणि सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरल्या: सोमवारचं सदर आणि चर्चच्या हॉलमधला शनिवार दुपारचा मुलांचा वर्ग. निधी त्याच वर्गात होती. त्यांना सेन्सेई म्हणायचं असतं हे आसावरीला कळेपर्यंत तिच्या तोंडात ‘सर’ बसलं होतं.

ईरा देवस्थळीही आधी त्याच वर्गात होती. जवळच्याच पिनरच्या डॉक्टर शशीताई आणि रघुवीर यांची ती एकुलती एक मुलगी. निधीला वर्गात घालायचं शशीताईंनीच सुचवलं होतं. पंधरा वर्षांची ईरा अंगानं काटक आणि हट्टी होती. इनागाकींनी तिचं पाणी जोखलं आणि २००४ च्या उन्हाळ्यात तिला कॉलिनच्या क्लबात पाठवलं. कॉलिन हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीतला. त्याच्या क्लबात राष्ट्रीय स्पर्धेची मुलं तयार होत.

“माझ्याकडे ती वाया जाईल,” त्यांनी शशीताईंना सांगितलं होतं. “कॉलिनकडे ती जिंकेल.”

मार्च २००५ मधला तो दुसरा शनिवार. दुपारी साडेबाराला आसावरीचा मोबाइल वाजला. रघुवीर होते. त्यांचा आवाज इतका सपाट होता की तिला आधी ओळखूच आला नाही.

“आसावरी, ईरा कोलॅप्स झालीय. ट्रेनिंगमध्ये. ब्रेन ब्लीड आहे म्हणतायत. तिला सेंट्रल लंडनला हलवतायत, न्यूरोला. शशी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आहे. तू येशील का? शशीजवळ कुणीतरी बाई पाहिजे.”

आसावरी धावत चर्चच्या हॉलवर गेली. इनागाकी वर्गासाठी मॅट्स मांडत होते. तिनं सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली मॅट तशीच राहिली. वर्ग रद्द करायची त्यांची चाळीस वर्षांतली ही पहिली वेळ. निधीला मिलिंदकडे सोपवून दोघं मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीनं निघाले.

ऑपरेशन सुरू होतं. शशीताई कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. स्वतः अ‍ॅनेस्थेटिस्ट, वीस वर्षं असल्या दारांच्या आतल्या बाजूला वावरलेल्या. आसावरीला पाहून त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात.

“बुधवारी म्हणाली, आई, डोकं दुखतंय. मी म्हटलं परीक्षा आल्यात, रात्ररात्र जागतेस. पॅरासिटामॉल दिली मी तिला! मी, डॉक्टर! आता तिथली एक मुलगी सांगतेय की मंगळवारी ही आपटली होती. डोक्यावर. दोन मॅट्सच्या फटीत, खालच्या लाकडावर. मला कुणी एक फोन केला नाही. आणि आज पुन्हा उतरवली तिला, हिच्याहून बारा किलो जड मुलीसमोर.”

मग त्यांचं लक्ष मागं उभ्या इनागाकींकडे गेलं. त्या इंग्रजीत बोलल्या, हळू, एकेक शब्द सुटा.

“तुम्ही पाठवलंत तिला तिथे.”

“हो,” इनागाकी म्हणाले.

“मग आता इथून जा.”

ते कमरेत वाकले आणि गेले. बाहेर रस्त्यावर, अंगात कोट आणि पायात वर्गाच्या सपाता, अशा अवतारात ते स्टेशनकडे चालत गेल्याचं आसावरीला खिडकीतून दिसलं. धावपळीत बूट बदलायचे राहून गेले होते.

ईरा वाचली. शुद्धीवर यायला चार दिवस लागले. उजवा हात लुळा होता, आणि शब्द जिभेवर येऊन अडकत होते.

पण ते कळायच्या आधीच सोमवार आला. सव्वादहाला इनागाकी जिना चढून आले आणि त्यांनी कागद पुढं ठेवला. आसावरीनं वाचला. वसंत ऋतूतल्या शालेय स्पर्धांविषयी. वेल्डस्टोनच्या मुलांचं कौतुक. शेवटी पडण्याच्या कलेवर दोन छान वाक्यं.

ती टाइप करेना.

“सर, हे काय आहे?”

“सदर.”

“ईरा आयसीयूत आहे.”

“मला माहीत आहे.”

“मंगळवारी काय झालं ते लिहा ना. तुम्ही नाही लिहिणार तर कोण?”

“मंगळवारी काय झालं ते मला माहीत नाही. एका घाबरलेल्या मुलीनं एका आईला सांगितलं. ती बातमी नव्हे. माहीत नसलेलं मी लिहीत नाही.”

“मग माहीत करून घ्या!” तिचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरची संपादक मॉरीन वळून बघायला लागली. “चाळीस वर्षं बातमीदारी केलीत ना? की कॉलिन तुमचा आहे म्हणून तोंडाला कुलूप?”

वडिलांच्या वयाच्या माणसाशी ती कधी अशी बोलली नव्हती. इनागाकींनी तो कागद उचलला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला.

“तुमच्याकडे गाडी आहे,” ते म्हणाले. “मला कॉलिनकडे घेऊन चला.”

कॉलिनचा क्लब एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता, टायरच्या गोदामाला लागून. दुपारी तिथे कुणी नव्हतं. कॉलिननंच दार उघडलं. रुंद खांदे, चपटलेला कान. दोन रात्री झोपला नसावा. इनागाकींना पाहून त्यानं सवयीनं मान झुकवली.

“सेन्सेई.”

“अ‍ॅक्सिडेंट बुक दाखव.”

कॉलिन आसावरीकडे बघत राहिला. “ह्या कोण?”

“माझ्याबरोबर आहेत. बुक.”

तीस वर्षांची आज्ञाधारक सवय कामाला आली म्हणायची. कॉलिननं ड्रॉवरमधून एक लाल पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. क्लबात कुणाला काहीही लागलं तर त्यात लिहायचं असतं. तसा नियमच आहे. इनागाकींनी पानं उलटली. आठ मार्च, मंगळवार. आसावरी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. गोल, पोरकट अक्षर; कॉलिनची मदतनीस ट्रेसी नोंदी करायची.

‘ईरा डी. पाठीवर पडली, डोकं फ्लोअरला लागलं. थोडी चक्कर. दहा मिनिटं बसली. बरं आहे म्हणाली. कंटिन्यूड.’

खाली कॉलिनची सही.

इनागाकींनी खिशातून छोटी नोटबुक काढली. पेन्सिलीनं आधी जपानीत वेळ, तारीख, जागा लिहिली. मग ती इंग्रजी नोंद अक्षरन् अक्षर उतरवायला लागले. खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज. कॉलिनच्या ध्यानात आलं तेव्हा ते शेवटच्या ओळीवर होते.

“काय करताय?”

“लिहितोय.”

“हे... हे तुम्ही पेपरात देणार?” कॉलिननं वही ओढली. टेबलाला वळसा घालून तो दाराकडे गेला आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला. “ती नोटबुक द्या, सेन्सेई.”

शंभर किलोचा माणूस, आणि बाहेर टायरवाल्याच्या मशीनचा असा गोंगाट की आत कुणी ओरडलं तरी ऐकू जाऊ नये. तिनं मोबाइल पर्समध्येच घट्ट धरला.

इनागाकी हलले नाहीत. नोटबुक त्यांनी आतल्या खिशात ठेवली.

“तिला चक्कर आली होती,” ते म्हणाले. “तू तिला पुन्हा उतरवलीस.”

“दहा मिनिटं बसवली होती! बरं आहे म्हणाली ती! आणि मला हे कुणी शिकवलं?” कॉलिनचा आवाज फाटला. “एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी एकोणीस वर्षांचा. तळघरात डोक्यावर आपटलो, बादलीत ओकलो. तुम्ही काय केलंत? तोंडावर गार पाणी मारलंत आणि म्हणालात, ऊठ. मी उठलो. जिंकलो. तीस वर्षं तुम्ही ही गोष्ट सगळ्यांना सांगत आलात. तुमच्या त्या सदरात छापलीत, दोनदा! मी वाचलंय. ‘कॉलिन उठला.’ मीही माझ्या मुलांना तीच गोष्ट सांगतो.”

इनागाकींच्या गालाचा स्नायू उडत होता. मग ते दारापाशी गेले, कॉलिनच्या अगदी समोर. उंचीनं ते त्याच्या छातीपर्यंतच.

“बाजूला हो,” ते म्हणाले. इतक्या हळू, की विनंती होती की हुकूम ते आसावरीला कळलं नाही.

कॉलिन बाजूला झाला.

गाडीत बसल्यावर बकल त्यांच्या हातून दोनदा निसटलं. सीटबेल्ट तिनंच लावून दिला.

“तो खरं बोलतोय,” ते म्हणाले. “दोनदा छापलंय.”

मंगळवारी त्यांनी नवा मजकूर आणला, वहीतल्या नोंदीसकट. मॉरीननं उभ्याउभ्या वाचला आणि कपाळाला हात लावला. हे छापलं तर कॉलिन कोर्टात खेचणार, आणि साप्ताहिकाच्या वकिलाची फी द्यायचीही ऐपत नाही, ती म्हणाली. त्याच आठवड्यात कॉलिनच्या सॉलिसिटरचं पत्र आलंच. क्लबाची बदनामी करणारा कोणताही मजकूर छापल्यास वगैरे. त्यात एक वाक्य असं होतं की क्लबाची जुनी अपघात-वही पाइप फुटून भिजल्यानं टाकून द्यावी लागली. सध्याची वही चौदा मार्चपासूनची आहे.

“चौदाला तर आपण तिथे होतो,” आसावरी म्हणाली. “सोमवारी. कोरडी ठणठणीत होती ती वही.”

म्हणजे आता त्या नोंदीचा पुरावा एकच: एका म्हाताऱ्याची नोटबुक आणि त्याच्या खांद्यावरून वाचणारी एक टायपिस्ट. जूडो संघटनेनं चौकशी लावली, त्यात दोघांना साक्षीला बोलावलं.

मिलिंदनं ते पत्र जेवताना वाचलं आणि पोळीचा घास ताटात ठेवला.

“तू नाही जायचंस.”

“का?”

“का म्हणजे? आपला कायम राहण्याचा, आयएलआरचा अर्ज सप्टेंबरमध्ये जायचाय. चार वर्षं थांबलोय आपण त्यासाठी. उद्या तो सॉलिसिटर तुझ्यावर खोटारडेपणाचा आरोप करेल, केस होईल. धिस इज नॉट अवर फाइट, आसावरी. आपण बरं की आपलं काम बरं.”

“शशीताईंनी आपल्याला घर मिळेपर्यंत तीन आठवडे ठेवून घेतलं, तेव्हा ते त्यांचं काम होतं का?”

मिलिंद काही वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, आणि त्याची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. ती स्वतःही घाबरली होती; फक्त त्याला ते दाखवत नव्हती. पुढचा महिनाभर त्यांच्या घरात भाजी, शाळा, बिन कधी बाहेर ठेवायचा एवढंच बोलणं चाललं.

इनागाकींनी मात्र मध्येच वेगळी वाट काढली. एप्रिलमध्ये त्यांनी मॉरीनपुढे एक पान ठेवलं. “यात माझ्याशिवाय कुणाचं नाव नाही,” म्हणाले. “माणसाला स्वतःची बदनामी करता येते ना?”

मॉरीननं ते जसंच्या तसं छापलं. चौऱ्याहत्तर साली आपण एका जखमी मुलाला कसं उठवलं, ते शौर्य म्हणून कसं मिरवलं, आणि ते शौर्य नव्हतं, ते अज्ञान होतं, आणि नंतर अज्ञानही नव्हतं, कारण डॉक्टर तोवर सांगायला लागले होते आणि आपण ऐकलं नाही. ‘मी पडायला शिकवलं,’ शेवटी लिहिलं होतं, ‘न उठायला शिकवलं नाही.’ आसावरीनं त्यातला एकही शब्द बदलला नाही. दोन ठिकाणी ‘द’ राहून गेला होता, तोही घातला नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात सात पत्रं आली. दोन इनागाकींना शिव्या घालणारी. पाच पालकांची, वेगवेगळ्या क्लबांतली. आमच्याही मुलाला असंच उठवलं होतं, अशी. त्यातली दोन कॉलिनच्या क्लबातली निघाली. मॉरीननं ती चौकशी समितीकडे पाठवून दिली.

मे महिन्यातल्या एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे कुणीतरी बोलायच्या आधी बराच वेळ श्वास घेत होतं.

“मावशी... मी ईरा. माझा आई घरी नाय. तिला... सांगू नको मी फोन केली.”

आसावरी खुर्चीत ताठ झाली. सोमवार होता, इनागाकी समोरच बसले होते.

“बोल बाळा.”

“मला तो... ट्यूजडे आठवत नाय. काहीच. सगळे सांगतात त्या बुकमध्ये लिहिलं होता. काय लिहिलं होता, मावशी? मी... मी काय म्हणली?”

आसावरीनं रिसीव्हरवर हात ठेवून इनागाकींना सांगितलं. त्यांनी हात पुढं केला. तिनं स्पीकर चालू केला. त्यांनी नोटबुक काढून, चष्मा लावून, ती नोंद वाचली. एक शब्द गाळला नाही. ‘बरं आहे म्हणाली’ हेसुद्धा.

मग ईरा इंग्रजीत म्हणाली, शब्द शोधत शोधत, “म्हणजे... मीच म्हटलं. माझीच चूक.”

“नाही,” इनागाकी म्हणाले. “पंधरा वर्षांची मुलगी नेहमी बरं आहे असंच म्हणते. तिला उतरायचं असतं. तिचं म्हणणं खरं न मानणं हेच शिक्षकाचं काम. ते काम झालं नाही. हे तू लिहून ठेव. डाव्या हातानं का होईना, लिही.”

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वॉटफर्डच्या एका हॉटेलात सुनावणी झाली. लांब टेबल, पाण्याचे जग, तीन जणांची समिती. अध्यक्ष एक निवृत्त शाळामास्तर. एका बाजूला कॉलिन, त्याचा सॉलिसिटर आणि ट्रेसी. दुसऱ्या बाजूला शशीताई आणि रघुवीर. शशीताईंनी इनागाकींकडे पाहिलंही नाही. मिलिंद शेवटच्या क्षणी सुट्टी टाकून आला होता. “गाडी मी चालवतो,” एवढंच म्हणाला होता.

सॉलिसिटरनं आधी नोटबुकवर हल्ला चढवला. अर्धी जपानीत, कुणी वाचायची? आणि ती नंतर लिहिली नसेल कशावरून? मग आसावरीला उभं केलं.

“तुम्ही मुलीच्या आईच्या मैत्रीण?”

“हो.”

“तुम्ही ती नोंद किती वेळ पाहिलीत?”

“अर्धा मिनिट असेल.”

“तीन महिन्यांपूर्वी, अर्धा मिनिट, दुसऱ्याच्या खांद्यावरून. आणि ती तुम्हाला शब्दशः आठवते? की नोटबुक वाचून पाठ केलीत?”

खोलीत कुणीतरी खोकलं. तिला वाटलं, आता आपलं इंग्रजी अडखळणार, आणि अडखळलेलं इंग्रजी म्हणजे इथे खोटं. तिनं डोळे क्षणभर मिटले. ते पान तिच्यासमोर आलं, आणि त्यातली एक गोष्ट, जी तिला तेव्हाच खटकली होती.

“मी पुण्यात आठ वर्षं उपसंपादक होते,” ती म्हणाली. “चुकीचं स्पेलिंग दिसलं की माझ्या डोळ्यांतून जात नाही. त्या नोंदीत शेवटचा शब्द ‘कंटिन्यूड’ होता, आणि त्यात एक ‘आय’ जास्त होता. ‘यू’ नंतर. नोटबुकमध्येही तो तसाच आहे. सरांनी अक्षरन् अक्षर उतरवलं होतं.”

अध्यक्षांनी नोटबुक जवळ ओढली. बघितलं. मग त्यांनी क्लबाची नवी वही उघडली, चौदा मार्चपासूनची, जी कॉलिनच्याच बाजूनं सादर केली होती. पानं उलटत गेले. एका पानावर थांबले. शेजारच्या दोघांना बोट ठेवून दाखवलं. आणखी एका पानावर थांबले.

“मिस ट्रेसी,” त्यांनी विचारलं, “हे अक्षर तुमचं?”

ट्रेसीचा चेहरा पांढराफटक पडला होता. नव्या वहीत तो शब्द तीनदा होता. तिन्ही वेळा ‘आय’ जास्त.

सॉलिसिटर उठला. चूक कुणाचीही होऊ शकते, म्हणाला, त्यावरून पान होतं असं सिद्ध होत नाही. आणि मग तो इनागाकींकडे वळला. त्याच्याकडे अजून एक हुकमाचा पत्ता होता. सदरांची कात्रणं हातात धरून त्यानं विचारलं, डोक्याला मार बसलेल्या मुलाला मॅटवर उतरवणारे तुम्हीच ना? मग तुम्ही कोणत्या तोंडानं आज इथे?

“हो, मीच,” इनागाकी म्हणाले. ते उभे होते, हात पँटच्या शिवणीला लावून. “तो मुलगा तिथे बसलाय. मी ऊठ म्हटलं, तो उठला. त्या दिवशी तो मेला असता तर मी खुनी ठरलो असतो. तो वाचला, म्हणून मी गुरू ठरलो. तो अजूनही माझाच हुकूम पाळतोय. शिक्षा करायची तर आधी मला करा.”

“पुरे,” कॉलिन म्हणाला.

सॉलिसिटरनं त्याच्या दंडावर हात ठेवला. त्यानं तो झटकला.

“पुरे झालं. वही भिजली नव्हती. मी जाळली. मंगळवारी तिचे डोळे बरोबर दिसत नव्हते, ते मला दिसलं होतं. शनिवारी राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होती.” त्यानं देवस्थळींकडे बघायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. “मला दिसलं होतं,” तो टेबलाकडे बघत पुन्हा म्हणाला.

शशीताईंच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं नव्हे, कुणीतरी छातीवर पाय ठेवल्यावर निघतो तसा. रघुवीरनं त्यांना धरलं.

कॉलिनचं शिकवण्याचं लायसन्स गेलं. पुढे पोलिसांनीही त्याचा जबाब घेतला. इनागाकींवर समितीनं कसलाही ठपका ठेवला नाही. तीस वर्षांपूर्वीचं प्रकरण, तक्रार कुणाची नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच आपलं लायसन्स पाकिटात घालून परत पाठवलं. सदर चालू ठेवलं. शशीताईंनी त्यांना माफ केलं नाही, तसं त्यांनी आसावरीला स्पष्ट सांगितलंही. “तुझे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.” आसावरीनं पुन्हा कधी काढलं नाही.

चर्चच्या हॉलमधला शेवटचा वर्ग जूनच्या शेवटच्या शनिवारी होता. अकरा मुलं होती. इनागाकींनी त्या दिवशी एकही फेक शिकवली नाही. मुलांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, एकेकानं पुढं यायचं, माझ्या डोळ्यांत बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘मला लागलंय, मी थांबतोय.’

मुलं हसायला लागली. कुणी पुटपुटलं, कुणी ओरडलं. जो पुटपुटायचा, त्याला ते परत पाठवत. आसावरी बाकावर बसून बघत होती. तेवढ्यात दार उघडलं. रघुवीर दारातच थांबले. ईरा काठी टेकत आत आली. डोक्यावर केस नुकते उगवत होते. ती बाकाकडे गेली नाही. रांगेच्या शेवटी, निधीच्या पुढे जागा होती, तिथे जाऊन उभी राहिली.

तिची पाळी आली तेव्हा हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. तिनं इनागाकींच्या डोळ्यांत पाहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही. ते थांबले. कुणी मदत करायला पुढं झालं तर हातानं अडवायचं, अशा बेतानं उभे राहिले.

“मला... लागलं होतं,” ती म्हणाली. आणि मग, मोठ्यानं, “मी थांबायला... पाहिजे होतं.”

इनागाकी वाकले. इतके वाकले आणि इतका वेळ, की मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ईरानंही काठीवर भार देऊन मान झुकवली आणि बाजूला सरकली.

“आता मी?” निधीनं विचारलं.

“हो,” ते सरळ होत म्हणाले. “मोठ्यानं.”